जोडशिक्क्यातला अर्धा तास

१. अलीकडे १०:००, पलीकडे १०:३०

कागद खोटा होता आणि त्यात एकही चूक नव्हती.

हिरवट, जाडसर, चार घड्या पडलेला. वर छापलं होतं: मूळदाखला. म्हणजे हा माल संघातल्याच देशात तयार झालाय, सबब शेजारच्या देशात जकात न भरता जाईल. माल: विजेची केबल, चारशे ऐंशी बंडलं. कंपनी: उगवती केबल. तळाशी गोल जोडशिक्का. गोलाची डावी बाजू नदीअलीकडच्या देशाची, उजवी पलीकडच्या देशाची. दोन देशांचे दोन कारकून आपापला अर्धा शिक्का मारतात, गोल पुरा होतो आणि ट्रक सुटतो. तारखेची आणि वेळेची चाकं शिक्क्यातच असतात, बोटाने फिरवायची. डाव्या अर्ध्यात वेळ ११:१०. उजव्यात ११:४०. दोन देशांच्या घड्याळांत अर्ध्या तासाचा फरक आहे. म्हणजे तेही बरोबर.

खोटं एवढंच, की ती केबल संघातल्या कुठल्याही देशात तयार झालेली नव्हती. बाहेरून आलेला रद्दी माल, नवी वेष्टणं घातलेला. पलीकडच्या देशातल्या एका प्रसूतिगृहाच्या भिंतीत ती केबल गेली आणि पाचव्या महिन्यात भिंत पेटली. बाळंतिणी आणि बाळं वेळेत निघाली. त्यांना बाहेर काढणाऱ्या रखवालदाराचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

मी तिसऱ्या देशाची. संघात देश तीनच, त्यामुळे दोघांचं बिनसलं की तपासाला तिसऱ्याने जायचं असा करार आहे. हा माझा एकोणिसावा तपास. पहिल्या पाचांत मला वाटायचं, सत्य सापडलं की काम संपतं.

"पान चौदा बघा," समन्वयक म्हणाले. नाक्यावर वरच्या मजल्यावर बसणारा संघाचा माणूस. सगळे त्यांना मास्तर म्हणत, कारण नाक्याची नियमपुस्तिका त्यांनी लिहिली होती. "प्रत्येक अर्ध्या शिक्क्यावर त्या त्या देशाची वेळ. माझीच कल्पना. मुख्यालयात टाळ्या पडल्या होत्या."

"मग हा कागद कोणी केला?"

"ते उघड आहे हो, बाई. डावा शिक्का विहीणबाईंच्या कुलपात, उजवा व्याह्यांच्या. दोघांनी संगनमत केल्याशिवाय गोल पुरा होतो का?"

"विहीणबाई म्हणजे?"

"टेबल एकवरच्या. त्यांची मुलगी समोरच्या टेबलावरच्यांच्या मुलाला दिली आहे. संघाने माणसांना येण्याजाण्याची मुभा दिली, यांनी त्यात कार्य उरकून घेतलं." ते स्वतःच्या विनोदावर हसले, मग गंभीर झाले. "विहीणबाईंना निलंबित करून आठ दिवस झाले. शिक्का कोणी मारला एवढंच विचारलं, तर तोंडातून शब्द नाही. निर्दोष माणूस असा गप्प बसतो का?"

२. अलीकडे ११:१५, पलीकडे ११:४५

खालचा हॉल लांब आणि थंड होता. मधोमध जमिनीवर पिवळा पट्टा, तीच सीमा. पट्ट्याच्या अलीकडे एक टेबल, पलीकडे एक टेबल, दोन्हींच्या कडा एकमेकांना चिकटलेल्या. वर दोन घड्याळं. काचेबाहेर ट्रक. संघ होण्याआधी इथे ट्रक पुलाच्या दोन टोकांना दोनदा थांबायचे, दोनदा उघडले जायचे, चार दिवस लागायचे. आता एकदाच थांबतात.

निलंबित असल्या तरी चौकशीसाठी विहीणबाईंना रोज मागच्या खोलीत आणून बसवत. सत्तावन्न वर्षांच्या, निवृत्तीला चार महिने. केस घट्ट बांधलेले, मांडीवर पिशवी.

"तुम्हाला चहा दिला का कोणी?" त्यांनीच विचारलं.

"दिला. तुम्हाला माहीत आहे ना, आग जिथे लागली खटला तिथे चालतो? म्हणजे पलीकडे."

"लेकीच्या गावात," त्या म्हणाल्या. "तिच्या दारावरून नेतील मला. गल्ली तीच आहे."

"हा दाखला तुमच्या नोंदवहीत नाही."

"कारण तो माझ्या टेबलावर आला नाही."

"ते म्हणतात, तुम्ही मुद्दाम नोंदवला नाही."

"म्हणणाऱ्याचं तोंड कोण धरणार?"

"शिक्क्याची तपासणी झाली. तुमचा शिक्का आणि वरच्या तिजोरीतला राखीव शिक्का एकाच साच्यातले, फरक सांगता येत नाही. मग तुम्ही तरी काही सांगा."

त्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. इतक्या दिवसांत त्यांना मूळ कागद कोणी दाखवलाच नव्हता. आरोपपत्रात नुसता क्रमांक होता. मी तो पुढे सरकवला. त्यांनी चष्मा लावला. वरपासून वाचत शिक्क्यापर्यंत आल्या आणि बोट तिथेच टेकवून थांबल्या. मला वाटलं रडतील. त्या हसल्या. क्षणभरच, एखाद्या पोराची चोरी पकडल्यासारखं. मग हसू पुसून टाकल्यासारखं गेलं आणि चेहरा पांढरा पडला.

"काय दिसलं?"

चष्मा घडी करून त्यांनी त्याच्या डबीत घातला. "मला काही म्हणायचं नाही," त्या म्हणाल्या. "खटला चालवा."

३. अलीकडे १२:२०, पलीकडे १२:५०

व्याही एक्कावन्न वर्षांचे, अंगाने सुटलेले, बोलके. समोरच्या टेबलावर बदलीचा कारकून बसवला होता आणि तो शिक्का उलटा धरत होता.

"अहो, बाण वर ठेवा, बाण!" व्याही त्याच्यावर खेकसले, मग माझ्याकडे वळले. "या. तुम्ही तिसऱ्या देशाच्या. तुमच्याकडची हवा चांगली म्हणतात. माणसं इकडे कशाला पाठवतात कोण जाणे."

"तुमच्यावर अजून आरोप ठेवलेला नाही."

"ठेवतील. अर्ध्या शिक्क्याने ट्रक सुटत नाही. विहीणबाईंनी मारला असेल तर मीही मारलाय, नाहीतर दोघांनीही नाही. साधा हिशेब आहे. पण आमच्या देशाने मला सांभाळायचं ठरवलंय, त्यांच्या देशाने त्यांना बळी द्यायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय."

"त्यांना मी मूळ कागद दाखवला."

त्यांचा हात टेबलावर थांबला. "मग?"

"आधी हसल्या. मग म्हणाल्या, मला काही म्हणायचं नाही."

बाहेर एका ट्रकने भोंगा वाजवला.

"तुम्ही बघता का?" मी पिशवीत हात घातला.

"नको!" ते इतक्या जोरात म्हणाले की बदलीचा कारकून दचकला. मग आवाज उतरला. "विहीणबाई विनाकारण गप्प बसणाऱ्यातल्या नाहीत. लग्नात पाहुण्यांच्या खुर्च्या कमी पडल्या तर त्यांनी मला तासभर सुनावलं होतं. ती बाई गप्प बसते म्हणजे काहीतरी असणार. त्या नाही म्हणाल्या ना? मग माझंही नाहीच."

अळीमिळी गुपचिळी. दोन देशांत एवढी एकवाक्यता मी एकोणीस तपासांत पाहिली नव्हती.

४. अलीकडे २:४०, पलीकडे ३:१०

नाक्यावरचा जुना एजंट कंपन्यांचे कागद तयार करून टेबलावर आणतो. जाड भिंगांमुळे त्याला सगळे चष्मा म्हणतात. त्याची टपरीवजा कचेरी पुलाच्या कठड्याला टेकून होती.

"माझं नाव घेतलंच असेल मास्तरांनी," तो म्हणाला. "वाईट झालं की एजंट. चांगलं झालं की संघ."

"उगवती केबलचे कागद कोण करायचं?"

"मी नाही. कामासाठी गेलो होतो त्यांच्याकडे. म्हणाले, गरज नाही, आमचा घरचा माणूस आहे."

"कोण?"

"ते मी विचारत नाही. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करेल?"

"राखीव शिक्के वर तिजोरीत असतात. दोन किल्ल्या, दोन देशांच्या दोन अधिकाऱ्यांकडे. बरोबर?"

चष्म्याला हसू आवरेना. "पुस्तकात बरोबर. पलीकडच्या साहेबांची बदली होऊन दोन वर्षं झाली. नवे आलेच नाहीत, तिन्ही देशांची सही व्हायची आहे. जाताना ते किल्ली वरच्या खणात टाकून गेले. खणाला कुलूप नाही. अलीकडचे साहेब इकडे फिरकतच नाहीत, त्यांची किल्लीही त्याच खणात."

"आणि वर कोण जातं?"

"मी जातो. विहीणबाई, व्याही पगारपत्रकाला जातात. मास्तर तर बसतातच. आम्ही चौघं. पाचवा कोणी चढला तर जिना करकरतो, अख्खा नाका वर बघतो."

म्हणजे संशयित चार. त्यातले दोघं तोंड उघडत नाहीत, तिसरा नाव घेत नाही आणि चौथा न विचारता बोलतो.

"एक सांगू?" चष्मा मला दारापर्यंत सोडायला आला. "तो दाखला मी पाहिलाय. पुढे डेपोत ट्रकचे कागद पुन्हा तपासतात, तिथे तो अडकला कसा नाही, याचंच मला नवल वाटतं." मी विचारलं का, तर त्याने ओठ आवळले. "विहीणबाई सांगणार नसतील तर मी कोण?"

५. पलीकडे ४:१५, अलीकडे ३:४५

(मुलीचा जबाब, तिच्या घरी. पुलापासून दहा मिनिटं. माझे प्रश्न लिहिले नाहीत, ते उत्तरांवरून कळतात.)

हो, मीच. बसा.

सात वर्षं झाली लग्नाला. एक मुलगी आहे, पाच वर्षांची. आत झोपली आहे, जरा हळू.

नाही, नवऱ्याला काम नाही. कारखाना होता, संघ झाल्यावर तुमच्याकडचा स्वस्त माल आला आणि बंद पडला. सासऱ्यांच्या एकट्याच्या नोकरीवर घर आहे. अजून नऊ वर्षं आहेत त्यांची.

आई निलंबित झाली त्या संध्याकाळी आली होती. बसली नाही. म्हणाली, सासऱ्यांना सांग, काही झालं तरी तोंड उघडू नका. टेबलावरचं टेबलावर राहू द्या.

मला काय माहीत टेबलावरचं काय!

भांडायचे ना. दोघं जेवायला इथे यायचे, तेव्हाही. पण ते आपलं विहीण-व्याह्यांचं. "हा महिना आमचा." "नाही, मागचा तुमचा झाला, हा आमचा." "मान आमचा." मला वाटायचं, नात कोणाकडे राहणार त्यावरून चाललंय. पण ती तर कायम इथेच असते.

माझी आई चोर नाही. तिने साधी टाचणीसुद्धा घरी आणली नाही कधी. पण ती सासऱ्यांसाठी तुरुंगात जाईल. माझ्यासाठी म्हणजे. तुम्ही कोणालातरी बोलतं करा हो. कोणालाही.

६. ९:०५

दुसऱ्या दिवशी मी हॉलमागची कागदांची खोली उघडून घेतली. दाखल्याची एक प्रत ट्रकबरोबर जाते, एक इथे राहते. अकरा वर्षांचे गठ्ठे छतापर्यंत. खुर्ची नव्हती. एका खोक्यावर बसले, पाय सुजलेले, आणि हाताला लागेल तो गठ्ठा सोडला.

टोमॅटो. डावी वेळ ९:२०, उजवी वेळ ९:२०.

मला वाटलं, चुकून झालं. दुसरा. सिमेंट, २:४५ आणि २:४५. तिसरा. बूट, १२:३०, १२:३०. वेगळं वर्ष काढलं. वेगळा महिना. पलीकडून अलीकडे येणारे ट्रक, अलीकडून पलीकडे जाणारे. दोन तासांत साडेतीनशे दाखले पाहिले. एकाही दाखल्यावर दोन वेगळ्या वेळा नव्हत्या. पान चौदा या गठ्ठ्यांत कुठेही पाळलेलं नव्हतं.

एक सोडून. खोटा.

सगळ्या खऱ्या दाखल्यांत चूक होती. खोट्यात नव्हती. विहीणबाई हसल्या त्या याला. आणि पांढऱ्या पडल्या त्याही यालाच.

मी तशीच धुळीच्या हातांनी मागच्या खोलीत गेले. "एक महिना तुमची वेळ, एक महिना त्यांची," मी म्हटलं. "दोन्ही शिक्क्यांवर एकच. असंच ना?"

विहीणबाईंनी डोळे मिटले.

"का?"

"पहिले तीन महिने आम्ही पुस्तकाप्रमाणे केलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पलीकडून ट्रक यायचा. तिकडचा शिक्का अकरा चाळीस, इकडचा अकरा दहा. डेपोतला संगणक म्हणायचा, हा ट्रक निघायच्या आधीच पोचला. परत पाठवायचा. जाणाऱ्या ट्रकचं उलटं. अर्धा तास नाक्यावर रखडला असं दिसायचं, आणि वीस मिनिटांवर रखडला की लेखी खुलासा. पुलावर चार-चार किलोमीटर रांग. टोमॅटो नदीत ओतले लोकांनी. आम्ही वर लिहून कळवलं, सातदा. उत्तर आलं, विषय तिन्ही देशांच्या समितीपुढे आहे. मग एक दिवस व्याही म्हणाले—"

त्या थांबल्या.

"व्याही म्हणाले?"

"मी म्हणाले. एकच वेळ मारू. मग प्रश्न आला, वेळ कोणाची? दोन देश, मान कोणाचा? तेव्हा महिन्याची पाळी लावली. रांग दोन दिवसांत संपली. वरून अभिनंदनाचं पत्र आलं, संघ यशस्वी झाला म्हणून." त्यांनी माझा हात धरला. "बाई, हे लिहू नका. माझे चार महिने राहिलेत, मी गेले काय आणि राहिले काय. त्यांची नऊ वर्षं आहेत, आणि त्या नऊ वर्षांवर माझी लेक जेवते. शिक्क्यात खोटी वेळ म्हणजे बडतर्फी. पुस्तकातच आहे."

"पण यानेच तुम्ही सुटता."

"म्हणून तर गप्प आहे."

७. १२:३०

मास्तरांनी मला खुर्ची दिली, पंखा वाढवला.

"सापडलं काही?"

"कागद कोणी केला ते," मी म्हटलं. "चार माणसं तिजोरीपर्यंत पोचू शकत होती. त्यातल्या तिघांच्या हातून रोज पन्नास-साठ दाखले जातात. त्यांपैकी कोणी खोटा दाखला केला असता, तर तो खऱ्यासारखा केला असता. दोन्हीकडे एकच वेळ. तसा नसेल तर डेपोत अडकेल, हे तिघांनाही झोपेत माहीत आहे. हा दाखला केला तो अशा माणसाने, ज्याला नियम पाठ आहे आणि खरा दाखला ज्याने वर्षानुवर्षं हातात धरलेला नाही. तुम्ही खाली शेवटचे कधी गेला होतात, मास्तर?"

"गुडघे आहेत माझे," ते म्हणाले. "माझ्याकडे महिन्याचे आकडे येतात. कागद कशाला बघू?"

"सकाळी मी डेपोला फोन केला. त्यांच्या वहीत त्या दिवशी शेरा आहे. अर्धा तास रखडल्याचं दिसतं, समन्वयकांना विचारलं, ते म्हणाले नियमाप्रमाणे आहे, सोडा."

"नियमाप्रमाणे होतंच ते."

"हो. तेवढाच एक. आणि उगवती केबलचा मालक कोण, हे मी मघाशी अलीकडच्या कंपनी नोंदणीत विचारलं. तुमच्या पत्नीचा भाऊ."

पंख्याने टेबलावरचे कागद फडफडत होते. मास्तरांनी त्यांवर एक जाड पुस्तिका ठेवली.

"सख्खा मेहुणा," ते शेवटी म्हणाले. आवाज माझ्याइतकाच दमलेला. "नाही म्हणायची सोय नसते हो. एकदाच म्हणाला. मला काय ठाऊक भिंतीत जाईल? मला वाटलं, कुंपणाला वगैरे." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "सगळे खाली विहीण-व्याही, विहीण-व्याही करत बसले. वरच्याला कोणी विचारलं नाही, तुम्हाला मेहुणा आहे का."

"मी आज अहवाल लिहिते."

"लिहा." ते पुढे वाकले. चेहऱ्यावर पहिल्यांदा धार आली. "पण काय लिहाल? हा दाखला खोटा, कारण बाकीचे सगळे चुकीचे? मग त्या सगळ्यांचं काय? दोन लाख दाखले आहेत, बाई. नियमाने एकेक रद्द. अकरा वर्षांत जो माल गेला तो सगळा बेकायदा. तिन्ही देश एकमेकांच्या उरावर बसतील. आणि तुमचे ते दोघं बडतर्फ. पुरावा आहे तुमच्याकडे. वापरून दाखवा."

८. १०:१५

सुनावणी खालच्याच हॉलमध्ये झाली. तिन्ही देशांचे तीन सदस्य, तीन खुर्च्या, आणि पिवळा पट्टा मधल्या खुर्चीखालून गेलेला. त्यासाठी नाका दोन तास बंद ठेवला होता. बाहेर भोंगे वाजत होते.

रात्र माझी बरी गेली नव्हती. लिहिलं तर लेकीचं घर बसतं. नाही लिहिलं तर लेकीची आई तुरुंगात आणि रखवालदाराचे हात फुकट. मी एकच गोष्ट केली होती. सकाळी व्याह्यांच्या टेबलावर तो दाखला ठेवला आणि म्हटलं, "या वेळी बघा. त्या नाही म्हणाल्या ते कशासाठी, तेवढं तरी कळू द्या. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा." त्यांनी बघितला. घडी घालून परत दिला.

मधल्या सदस्याने विचारलं, "तपासनीस, तुमचा निष्कर्ष?"

मी उभी राहिले. तोंड उघडलं, तेवढ्यात मागून खुर्ची सरकली.

"त्यांच्याआधी मला बोलायचं आहे," व्याही म्हणाले.

"बसा हो!" विहीणबाई ओरडल्या.

"नाही बसत. साहेब, हा कागद विहीणबाईंचा नाही. यावर दोन वेळा आहेत. आम्ही अकरा वर्षं दोन्हीकडे एकच वेळ मारतो. कुठलाही गठ्ठा सोडून बघा. पान चौदा आम्ही पाळत नाही. ते पाळलं की ट्रक चालत नाहीत."

डावीकडच्या सदस्याने पेन खाली ठेवलं.

"ही कल्पना कोणाची?" त्याने विचारलं.

"माझी," व्याही म्हणाले.

"साफ खोटं!" विहीणबाई पट्ट्याच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. "कल्पना माझी. यांना इतकं सुचत असतं तर लग्नात खुर्च्या कमी पडल्या असत्या का?"

"त्या खुर्च्या तुमच्या बाजूच्या पाहुण्यांनी उचलून नेल्या!"

"विषय बदलू नका. साहेब, मी म्हटलं एकच वेळ मारू. हे दोन आठवडे घाबरून नाही म्हणत होते."

"घाबरत नव्हतो, विचार करत होतो. आणि म्हटलं मीच. तुम्ही फक्त महिन्याची पाळी काढलीत."

"बघा, बघा! पाळी माझी, म्हणजे कल्पनाही माझीच."

"मान तुमचा घ्या हो हवा तर, पण शिक्षा—"

"शिक्षाच मागते आहे मी. मानाचं काय घेऊन बसलात?"

मधल्या सदस्याने टेबलावर तीनदा हात आपटला. एकोणीस तपासांत मी माणसांना दोष झटकताना पाहत आले. दोषावर हक्क सांगणारी ही पहिलीच जोडी.

मग मी उरलेलं सांगितलं. वेळा, तिजोरी, खण, डेपोचा फोन, मेहुणा. मास्तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून होते. पाचव्या वाक्याला त्यांनी मान हलवली आणि पोलिसांची वाट न बघता स्वतःहून उभे राहिले.

९. ४:००

तिघा सदस्यांनी दार लावून तीन तास विचार केला. बाहेर रांग दोन किलोमीटरवर गेली, तेव्हा त्यांचा विचार जलद झाला.

मास्तर आणि त्यांच्या मेहुण्यावर पलीकडच्या देशात खटला चालेल. विहीणबाईंवरचा आरोप मागे. दोन लाख दाखले विशेष बाब म्हणून वैध, कारण ते अवैध ठरवले तर तिन्ही देशांना अकरा वर्षांचा माल एकमेकांना परत करावा लागेल आणि त्यातले टोमॅटो कोण शोधणार. पान चौदा बदललं. दोन्ही शिक्क्यांवर एकच वेळ, महिन्याआड पाळीने. जसं चाललं होतं तसंच, फक्त आता छापून.

आणि दोन्ही कारकून बडतर्फ. मी विचारलं, नियम तर तुम्ही त्यांचाच घेतलात ना? उजवीकडचा सदस्य माझ्याच देशाचा. तो म्हणाला, "नियम आज बदलला, बाई. त्यांनी मोडला तेव्हा तो बदललेला नव्हता." मी अहवालावर सही केली.

विहीणबाईंना मी पलीकडे लेकीच्या घरी सोडायला गेले. पूल त्यांनी चालतच ओलांडला, गाडी नको म्हणाल्या. बाहेरच्या खोलीत व्याही आधीच येऊन बसले होते, सदऱ्याची बटणं सोडून, भर कामाच्या वेळी घरी असलेल्या माणसासारखे अवघडून. त्यांनी सरकून जागा केली. विहीणबाई शेजारी बसल्या. पाच वर्षांची नात आली, दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, "आज सुट्टी आहे?"

"हो," दोघं एकदम म्हणाले.

मुलगी दारात माझ्यासमोर उभी राहिली. आईला आत घेताना तिचा हात सुटत नव्हता, तो आता दाराच्या चौकटीवर होता.

"सासऱ्यांपुढे तो कागद तुम्ही ठेवलात ना?"

"हो."

"कोणालातरी बोलतं करा, असं मीच म्हणाले होते."

"हो."

तिने आत वळून बघितलं. तिचा नवरा भिंतीला टेकून बापाकडे पाहत होता. बाप नातीच्या चपलेचा पट्टा लावत होता, तो लागत नव्हता.

"तुम्हाला बसा म्हणणार नाही मी," ती म्हणाली, आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेली.

मी उंबऱ्याबाहेर उभ्यानेच थांबले.